सँडी कोफॅक्सची सुरुवातीची वर्षं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल पाहणाऱ्याला १९६२ ते १९६६ चा सँडी कोफॅक्स, लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर (चेंडू फेकणारा), माहीत असतोच. पाच मोसमांत १११ विजय, ३४ पराभव, आणि पाचही वर्षं नॅशनल लीगमधला (अव्वल दर्जाच्या ‘मेजर लीग’च्या दोन भागांपैकी एक) सर्वांत कमी ईआरए (म्हणजे काय ते पहिल्या उत्तरात). लोक विचारतात ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल. १९५५ ते १९६० या सहा मोसमांत याच माणसाच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव आहेत. हे कसं काय? ‘वेग होता, ताबा नव्हता, मग एका कॅचरने कानमंत्र दिला’ असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं (कॅचर म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा). ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे. खालची उत्तरं क्रिकेट जाणणाऱ्या आणि बेसबॉलकडे नव्याने वळलेल्या वाचकाला धरून लिहिली आहेत. ज्यांना नियम ठाऊक आहेत त्यांनी पहिलं उत्तर सोडून पुढे जावं.

हे वाचण्यापुरते नियम कोणते?

पिचर ६० फूट ६ इंचांवरच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. टप्पा पडत नाही, हात सरळ ठेवायचं बंधन नाही. होम प्लेटच्या वर, साधारण बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंत, हवेत एक अदृश्य चौकट असते (उंचीचं हे माप त्या काळचं). चेंडू त्या चौकटीतून गेला, किंवा बॅट फिरवूनही लागला नाही, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट, म्हणजे स्ट्राइकआउट. चेंडू चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने तो सोडला तर ‘बॉल’. असे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो (चार बेसचा फेरा पुरा झाला की एक धाव). याला वॉक म्हणतात. पिचरला ताबा नाही असं कोणी म्हणालं की समजायचं, वॉक फार देतो.

सामन्याचा जय-पराजय दोन्ही संघांच्या एकेका पिचरच्या नावावर मांडतात. ११-११ म्हणजे अकरा जिंकले, अकरा हरले. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट) पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून. तीनच्या खाली असेल तर उत्तम, चारच्या वर गेला की मॅनेजरच्या कपाळावर आठी. बाकीचं ओघात येईल.

तो लहानपणापासून पिचर होता का?

मुळीच नाही. ३० डिसेंबर १९३५ रोजी ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा मुलगा बास्केटबॉलवेडा होता. जन्माचं नाव सॅनफर्ड ब्रॉन. आईवडील तो तीन वर्षांचा असताना वेगळे झाले. पुढे आईने अर्व्हिंग कोफॅक्स या वकिलाशी लग्न केलं आणि आज ओळखतो ते आडनाव त्यांच्याकडून आलं. लाफायेट हायस्कूलमध्ये तो बास्केटबॉल संघाचा कर्णधार होता. शाळेच्या बेसबॉल संघात खेळायचा तो पहिल्या बेसवर. त्या संघात पिचिंग करायचा फ्रेड विल्पॉन, जो पुढे न्यूयॉर्क मेट्सचा मालक झाला. शाळेच्या पिचरने क्लब विकत घ्यावा आणि पहिल्या बेसवरच्या पोराने हॉल ऑफ फेममध्ये जावं, असं त्या मैदानावर कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्याला उंचवट्यावर उभं केलं मिल्ट लॉरी यांनी. कोनी आयलंडच्या स्थानिक लीगमध्ये ते पार्कव्ह्यूज नावाचा संघ चालवायचे. कोफॅक्सची फेक पाहून त्यांनी ठरवलं की हा हात बेसवर वाया जातोय. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ज्या वयात बाकीचे पिचर आठ-दहा वर्षं फेकून तयार झालेले असतात त्या वयात याची सुरुवात झाली. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं.

कॉलेजात काय केलं?

१९५३ मध्ये तो सिनसिनाटी विद्यापीठात गेला. वास्तुशास्त्र शिकायचा इरादा होता, आणि बास्केटबॉलही खेळायचं होतं. १९५४ च्या वसंतात कळलं की बेसबॉल संघ न्यू ऑर्लिन्सच्या दौऱ्यावर जाणार आहे. फिरायला मिळेल म्हणून याने नाव दिलं. बास्केटबॉलचे प्रशिक्षक एड जकर हेच बेसबॉलही पाहायचे, त्यामुळे सोय झाली. त्या एका मोसमात ३ विजय, १ पराभव, बत्तीसेक इनिंगमध्ये ५१ स्ट्राइकआउट आणि ३० वॉक. पुढच्या सात वर्षांची कुंडली या दोन आकड्यांत आधीच मांडलेली दिसते.

व्यावसायिक संघांनी त्याला कसं हेरलं?

एकापेक्षा जास्त संघांनी बोलावून पाहिलं. न्यूयॉर्क जायंट्सनी पोलो ग्राउंड्सवर चाचणी घेतली. तिथे त्याचा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जात होता. विषय तिथेच संपला. पायरेट्सनी पिट्सबर्गला फोर्ब्स फील्डवर बोलावलं. तिथे ब्रँच रिकी बसलेले होते. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये आणून वर्णभेदाची भिंत पाडणारे तेच रिकी. कोफॅक्सच्या एका फास्टबॉलने चेंडू घेणाऱ्या सॅम नॅरन या कोचचा अंगठा मोडला.

ब्रुकलिनच्याच डॉजर्सनी एबेट्स फील्डवर पाहिलं. अल कॅम्पॅनिस हा त्यांचा स्काउट बॅट घेऊन स्वतः समोर उभा राहिला. आयुष्यात दोनदा अंगावर काटा आला, एकदा सिस्टीन चॅपेलचं छत पाहून आणि एकदा या पोराचा फास्टबॉल पाहून, असं तो पुढे सांगत असे. स्काउट लोकांना मीठमसाला लावायची सवय असते हे धरूनही, नोंद घ्यावी असं हे बोलणं आहे.

किती पैसे मिळाले?

१४,००० डॉलर बोनस आणि वर्षाला ६,००० डॉलर पगार. ६,००० हा त्या वेळचा मेजर लीगमधला किमान पगार. बेसबॉल जमलं नाही तर उरलेल्या शिक्षणाची फी बोनसमधून निघावी, असा हिशेब होता. नंतर दुसऱ्या क्लबांकडून जास्त पैशांची बोलणी आली, पण डॉजर्सना शब्द दिलेला होता.

‘बोनस नियम’ म्हणजे काय, आणि त्याने कोफॅक्सचं नुकसान झालं का?

सगळी गोष्ट या नियमाभोवती फिरते, म्हणून इथे थोडं थांबू.

श्रीमंत क्लबांनी शाळकरी पोरांवर पैसा उधळून सगळी गुणवत्ता गोळा करू नये, म्हणून मेजर लीगने नियम केला होता. ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर त्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघाच्या पंचवीस जणांतच ठेवायचं. खाली मायनर लीगमध्ये शिकायला पाठवलं तर दुसरा कुठलाही क्लब त्याला उचलू शकतो. अशा पोरांना ‘बोनस बेबी’ म्हणत, आणि त्या नावात कौतुकापेक्षा कुचेष्टा जास्त होती. अनुभवी खेळाडूची जागा अडवून बसलेला, खेळायला न मिळणारा, तरी त्यांच्याहून जास्त पैसे घेतलेला पोरगा. संघात त्याचं स्वागत कसं होत असेल हे वेगळं सांगायला नको.

डॉजर्सना या नियमाची झळ नुकतीच बसली होती. १९५४ च्या सुरुवातीला त्यांनी पोर्तो रिकोच्या एका तरुणाला १०,००० डॉलर बोनसवर घेतलं आणि माँट्रियलच्या उपसंघात ठेवलं. त्या नोव्हेंबरात पायरेट्सनी त्याला ड्राफ्टमधून (क्लबांनी खेळाडू निवडायची फेरी) अलगद उचललं. त्या तरुणाचं नाव रोबेर्तो क्लेमेंते. पुढच्याच महिन्यात डॉजर्सनी कोफॅक्सशी करार केला. हात पोळलेला क्लब ही चूक परत करणार नव्हता. कोफॅक्स मुख्य संघातच राहणार हे ठरलेलं होतं, मग तो तयार असो वा नसो.

त्याच्यासाठी जागा करायला १९५५ मध्ये ज्या पिचरला माँट्रियलला धाडलं तो होता टॉमी लसोर्डा, पुढे वीस वर्षं डॉजर्सचा मॅनेजर. मला संघातून काढायला कोफॅक्स लागला, असं तो आयुष्यभर ऐटीत सांगत राहिला.

नुकसान किती झालं हे पाहायचं तर डॉन ड्रायस्डेलकडे बघा. वयाने कोफॅक्सपेक्षा काही महिन्यांनी लहान, त्याच डॉजर्सचा. त्याच्यावर बोनसचं बंधन नव्हतं. १९५४ मध्ये बेकर्सफील्ड, १९५५ मध्ये माँट्रियल असं खाली भरपूर फेकून तो १९५६ ला वर आला. १९५७ मध्ये त्याने १७ सामने जिंकले, ईआरए २.६९. त्याच वर्षी कोफॅक्स ५-४ होता.

आता दुसरी बाजू. अल केलाइनही बोनस बेबीच, आणि १९५५ मध्ये विसाव्या वर्षी तो अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा बॅटर ठरला. नियम सगळ्यांनाच मारत नव्हता. पण हार्मन किलब्रूसारखे कितीतरी जण वर्षानुवर्षं बाकावर बसले. डेट्रॉइटने केलाइनला रोज खेळवलं. फरक तिथे होता, असं मला वाटतं.

कोफॅक्स मायनर लीगमध्ये किती सामने खेळला?

एकही नाही. १९५६-५७ च्या हिवाळ्यात पोर्तो रिकोमध्ये काग्वास या क्लबकडून तो काही आठवडे खेळला, तेवढंच काय ते ‘शिक्षण’.

पहिला सामना कसा गेला?

मोसमाच्या सुरुवातीला घोट्याच्या दुखापतीमुळे तो जायबंदी यादीत होता. २४ जून १९५५ ला मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध पाचव्या इनिंगमध्ये त्याला बोलावलं तेव्हा डॉजर्स १-७ ने मागे होते. हरलेल्या सामन्यातच नवख्याला टाकतात, तशातला प्रकार. पहिल्या बॅटरने, जॉनी लोगनने, उडता तकलादू फटका मारून पहिला बेस गाठला. एडी मॅथ्यूजने बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच टेकवला. चेंडू कोफॅक्सकडे आला आणि त्याने तो थेट मधल्या मैदानात फेकून दिला. तिसरा बॅटर हँक एरन. त्याला चार चेंडूंत चार ‘बॉल’. तिन्ही बेस भरले, आउट एकही नाही, आणि वय एकोणीस.

पुढचा बॉबी थॉमसन. तीन बॉल, दोन स्ट्राइक अशा टोकाला कोफॅक्सने अंगातली सगळी ताकद लावून फास्टबॉल टाकला आणि थॉमसन स्ट्राइकआउट झाला. पुढच्या फटक्यावर दोन आउट एकदम मिळाले. एकही धाव नाही.

वाचायला ही वीरकथा वाटते. कोफॅक्सने स्वतः मात्र नंतर सांगितलं की ती स्ट्राइकआउट म्हणजे आपल्या बाबतीत घडलेली बहुधा सर्वांत वाईट गोष्ट. अडचणीत सापडलो की आणखी जोरात फेकायचं, हा धडा त्या दिवशी मनात बसला, आणि तो पुसायला पाच मोसम गेले.

पहिल्या वर्षी काहीच चांगलं घडलं नाही का?

घडलं ना! ६ जुलैला पायरेट्सविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून पिचिंग मिळालं. पाच इनिंगही पुऱ्या झाल्या नाहीत आणि आठ वॉक दिले. त्यानंतर जवळजवळ दोन महिने सुरुवातीची संधी नाही. मग २७ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध उभा राहिला आणि पूर्ण नऊ इनिंग फेकून फक्त दोन हिट (बेस गाठून देणारे फटके) दिल्या. १४ स्ट्राइकआउट, ७-० ने विजय. कारकिर्दीतला पहिला विजयच शटआउट, म्हणजे समोरच्याला एकही धाव नाही. आठवड्याभरात पिट्सबर्गविरुद्ध दुसरा शटआउट.

त्या मोसमात त्याच्या एकूण स्ट्राइकआउट ३०. म्हणजे निम्म्याला जरा कमी एका दुपारीच झाल्या. हा पोरगा काय करू शकतो हे ऑगस्ट १९५५ मध्येच सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या पाच वर्षांत त्याला ‘शोधायचं’ काही उरलंच नव्हतं, म्हणून ‘१९६१ मध्ये अचानक उदय’ ही भाषा मला पटत नाही.

बॅटर म्हणून तो भयानक होता, तेही सांगून टाकतो. १९५५ मध्ये बारा वेळा बॅटिंग केली, बाराही वेळा स्ट्राइकआउट.

१९५५ ची वर्ल्ड सिरीज डॉजर्सनी जिंकली. त्यात कोफॅक्स होता?

संघात होता, मैदानावर नव्हता. ब्रुकलिनने जिंकलेली ती एकमेव वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका). सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेसने यँकीजना शून्यावर रोखलं, ब्रुकलिन रस्त्यावर आलं, आणि कोफॅक्स गाडी घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे त्याने संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं होतं आणि त्या दिवशी तास होता.

मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनला तो आवडत नव्हता का?

हा प्रश्न फार येतो. वैयक्तिक वैराची गरज नाही, परिस्थिती पुरेशी बोलते. ऑल्स्टन दरवर्षी एकाच वर्षाच्या करारावर काम करायचे. असे तेवीस करार त्यांनी केले. संघ दरवर्षी विजेतेपदाच्या शर्यतीत. अशा माणसाने आठ वॉक देणाऱ्या पोराला शिकवण्यासाठी सामने खर्च करावेत, ही अपेक्षा कागदावरच ठीक. १९५६ मध्ये कोफॅक्सला पूर्ण मोसमात ५८ इनिंग आणि दोन आउट एवढंच काम मिळालं, ईआरए ४.९१.

तरी संघातल्या सगळ्यांना ते मान्य नव्हतं. जॅकी रॉबिन्सनचं ऑल्स्टनशी फारसं जमत नसे, आणि एवढा जोर असलेल्या पोराला बसवून ठेवणं त्याला मूर्खपणाचं वाटायचं. ऑल्स्टन चुकले असं मला वाटतं, पण त्यांच्या खुर्चीत बसून दुसरं काही केलं असतं असं छातीठोक म्हणणारे किती निघतील?

१९५७ मध्ये काय बदललं?

१५ मे १९५७ ला त्याच्यावरचं बोनसचं बंधन संपलं. आता त्याला खाली पाठवता येणार होतं. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या रिगली फील्डवर ऑल्स्टननी त्याला उभं केलं. त्याने कब्जविरुद्ध पूर्ण सामना फेकून १३ स्ट्राइकआउट घेतल्या. मग जेमतेम दोन आठवडे त्याला नियमित पाळी मिळाली. पुढच्या पाचांपैकी तीन सामने जिंकले, तीनच्या आतला ईआरए. आणि त्यानंतर? ४५ दिवस सुरुवातीची एकही संधी नाही. पुन्हा संधी मिळाल्यावर सात इनिंगमध्ये ११ स्ट्राइकआउट.

त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात त्याने एक इनिंग टाकली. ब्रुकलिन डॉजर्स या नावाने फेकणारा तो शेवटचा पिचर. पुढच्या वसंतात क्लब लॉस एंजेलिसला गेला. ब्रुकलिनच्या पोराच्या नशिबी हा मान यावा, हे जुन्या ब्रुकलिनकरांना आजही लागतं.

लॉस एंजेलिसचं मैदान त्याला मानवलं का?

पहिली चार वर्षं डॉजर्स खेळले मेमोरियल कोलिसियममध्ये. १९३२ च्या ऑलिंपिकचं हे स्टेडियम अमेरिकन फुटबॉल-अॅथलेटिक्ससाठी बांधलेलं. त्यात बेसबॉलचं मैदान कसंबसं बसवलं तेव्हा डाव्या बाजूची सीमा सुमारे २५० फुटांवर आली, म्हणून तिथे ४० फुटांच्या आसपास उंच जाळी उभारली. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचा जोराचा फटका डावीकडेच जातो, आणि डावखुऱ्या पिचरसमोर उजवे बॅटरच जास्त उतरवतात. डावखुऱ्या कोफॅक्सला त्याहून वाईट मैदान शोधून सापडलं नसतं.

तरी १९५८ मध्ये तो ७-३ पर्यंत पोहोचला होता. मग पहिल्या बेसवर टक्कर होऊन घोटा मुरगळला. मोसम संपला ११-११ वर, ईआरए ४.४८, आणि कॅचरलाही न सापडणारे १७ वाइल्ड पिच, लीगमध्ये सर्वांत जास्त.

१८ स्ट्राइकआउटचा विक्रम कधी झाला?

३१ ऑगस्ट १९५९, कोलिसियम, समोर जायंट्स. हो, तेच जायंट्स ज्यांनी चाचणीनंतर सोडून दिलं होतं. १८ स्ट्राइकआउट घेऊन त्याने बॉब फेलरच्या १९३८ च्या विक्रमाशी बरोबरी केली. शेवटच्या इनिंगमध्ये त्याने स्वतः हिट मारली आणि वॉली मूनच्या होमरनवर (षटकारासारखा फटका) होम प्लेटवर परतला. ५-२ ने विजय. त्याच वर्षी जूनमध्ये फिलीजविरुद्ध १६ झाल्या होत्या. आणि तरीही मोसमाचा हिशेब ८-६, ईआरए ४.०५.

१९५९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये?

पाचवा सामना, ९२,७०६ प्रेक्षक. सात इनिंगमध्ये एक धाव, तीही दुहेरी आउट होताना आलेली. डॉजर्सना एकही काढता आली नाही. हरला ०-१. डॉजर्सनी सिरीज सहाव्या सामन्यात जिंकली.

१९६० मध्ये तो खरंच खेळ सोडणार होता?

हो, आणि हा भाग रंगवून सांगितलेला नाही. १९६० मध्ये त्याने जनरल मॅनेजर बझी बवासीकडे मागणी केली की मला दुसऱ्या क्लबला विकून टाका. दोघांची चांगलीच जुंपली. मला फेकू द्या, असं कोफॅक्सचं म्हणणं. आउट काढता येत नाहीत तर देणार कसं, असं बवासीचं. त्यावर कोफॅक्सचा प्रश्न असा होता की डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) बसून आउट काढायचे कसे. बाकावर बसल्यामुळे हात बसत नाही, आणि हात बसत नाही म्हणून बाकावर बसवतात. सहा वर्षं त्याच्या बाबतीत हेच चाललं होतं.

मे महिन्यात पायरेट्सविरुद्ध त्याने एकाच हिटचा सामना टाकला, आणि ती हिटही समोरच्या पिचरने मारलेली. पण वर्ष गेलं ८-१३ असं. शेवटच्या सामन्यानंतर त्याने बूट आणि ग्लोव्ह ड्रेसिंग रूमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि निघून गेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका धंद्यात त्याने पैसे गुंतवले होते, तिकडे वळायचा विचार होता. क्लबहाउस सांभाळणाऱ्या नोब कावानोने ते सामान डब्यातून काढून ठेवून दिलं. हिवाळाभर विचार करून कोफॅक्सने ठरवलं की आणखी एक वर्ष पूर्ण जीव ओतून पाहायचं. वसंतात तो परतला तेव्हा कावानोने त्याचं सामान त्याच्या हातात दिलं.

नॉर्म शेरीने नेमकं काय सांगितलं?

मार्च १९६१, फ्लोरिडातलं सराव शिबिर. दुय्यम संघाचा ऑर्लँडोत मिनेसोटा ट्विन्सशी सामना होता. सोबतच्या दुसऱ्या पिचरचं विमान चुकलं, त्यामुळे कोफॅक्सला आधीच कळवलं होतं की आज तुला निदान सात इनिंग टाकायच्या आहेत. कॅचर होता नॉर्म शेरी, त्याचा खोलीतला जोडीदार. (नॉर्मचा भाऊ लॅरी शेरी म्हणजे १९५९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू.)

पहिल्याच इनिंगमध्ये कोफॅक्सने वॉक देऊन तिन्ही बेस भरले, आणि जुन्या सवयीने जोर वाढवायला लागला. शेरी उठून त्याच्याकडे गेला. थोडक्यात सांगणं असं की इथे हरलो तरी बिघडत नाही, जोर जरा कमी कर, त्यांना मारू दे, कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) आणि चेंजअप (फसवा संथ चेंडू) टाक. कोफॅक्सने ऐकलं, पुढचे तिघं स्ट्राइकआउट झाले आणि सात इनिंगमध्ये ट्विन्सना एकही हिट मिळाली नाही. परत येताना शेरीने त्याला सांगितलं की जोर न लावता तू जास्त वेगाने टाकत होतास. ताण गेला की हात मोकळा सुटतो, एवढंच ते.

पण सगळं श्रेय त्या एका गप्पेला देणं इतरांवर अन्याय आहे. केनी मायर्स या स्काउटच्या लक्षात आलं की फेकण्याआधी कोफॅक्स मागे इतका कलतो की कॅचर त्याच्या नजरेआड जातो. ज्याला लक्ष्यच दिसत नाही त्याचा चेंडू कुठेही जाणार! ती हालचाल बदलली. पिचिंग कोच जो बेकर यांनी लय आणि पायाची फेक यांवर काम करून घेतलं. आणि ॲलन रॉथ. डॉजर्सचा हा संख्याशास्त्रज्ञ, तेव्हा डॉजर्समध्ये असलेल्या रिकींनी १९४७ मध्ये नेमलेला. एकेका चेंडूची नोंद ठेवायचा. त्याने कोफॅक्सला आकडे काढून दाखवले की पहिला चेंडू स्ट्राइक पडला तर बॅटर किती लुळा होतो. हल्ली ‘डेटा’ म्हणून ज्याचा गवगवा होतो ते काम हा माणूस तेव्हा वही-पेन्सिलने करत होता. माझ्या मते शेरीइतकंच वजन रॉथला द्यायला हवं, पण वहीची गोष्ट सांगायला शिबिरातल्या सामन्याइतकी मजा येत नाही.

फक्त जास्त काम मिळालं म्हणून सुधारला, असं म्हणता येईल का?

माझा कल त्या बाजूला आहे, पण माझ्या विरोधात जाणारे आकडेही आहेत. १९५७ मध्ये १०४ इनिंगमध्ये त्याने ५१ वॉक दिले. १९५८ मध्ये काम दीडपट झालं आणि वॉक दुपटीवर गेले, १०५. नुसतं फेकत राहून ताबा येत असता तर असं झालं नसतं. चुकीची हालचाल हजार वेळा केली तर ती पक्की होते. १९६१ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: हालचाल दुरुस्त झाली आणि पाळीही नियमित मिळाली. मायनर लीगमध्ये दोन वर्षं गेली असती तर मायर्ससारखा कोणीतरी १९५६ मध्येच भेटला असता, असा माझा अंदाज आहे.

१९६१ चा मोसम किती चांगला होता?

१८-१३, ईआरए ३.५२. विजय-पराजय पाहून कोणी उडी मारणार नाही. पण २५५ इनिंग आणि दोन आउट एवढं काम, २६९ स्ट्राइकआउट आणि फक्त ९६ वॉक. नऊ इनिंगमागे वॉक पाचच्या वरून साडेतीनच्या खाली आले. २६९ हा १९०० नंतरच्या नॅशनल लीगमधला नवा विक्रम होता. आधीचा २६७ चा, ख्रिस्ती मॅथ्यूसनचा, १९०३ पासून टिकून होता, आणि मॅथ्यूसनला त्यासाठी शंभराहून जास्त इनिंग जादा लागल्या होत्या. सप्टेंबरात कोलिसियममधल्या डॉजर्सच्या शेवटच्या सामन्यात कोफॅक्सने तेरा इनिंग टाकल्या, दोनशेहून जास्त चेंडू. आजचा कोच हे पाहून बेशुद्ध पडेल. १९६६ च्या नोव्हेंबरात, तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातामुळे त्याने निवृत्ती घेतली ती काही आकाशातून पडली नव्हती.

त्याचा वेग किती होता?

तेव्हा स्पीडगन नव्हती. जे आकडे फिरतात ते अंदाज आहेत, त्यावर पैजा लावू नयेत.

योम किप्पूरच्या दिवशी न खेळल्याची घटना याच काळातली का?

नाही, ती १९६५ ची. ज्यू धर्मातल्या सर्वांत पवित्र दिवशी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना आला आणि त्याने फेकायला नकार दिला. तोवर तो एवढा मोठा झाला होता की त्याच्या नकाराची बातमी झाली.

भारतातून कोणी पिचर अमेरिकेत गेला आहे का?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात झालेल्या फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांशी करार केला. हा रिंकू म्हणजे क्रिकेटवाला रिंकू नव्हे, ही गल्लत दर वेळी होते. २००९ मध्ये दोघे पायरेट्सच्या सर्वांत खालच्या उपसंघात खेळले आणि मायनर लीगचा सामना जिंकले. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोहोचलं नाही. डावखुरा रिंकू काही वर्षं वरच्या पायऱ्या चढत राहिला, मग कोपराच्या शस्त्रक्रियेने अडकला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत वीर महान या नावाने उतरला.